गाडी काटकसरी, सारथी उधळा!

पेट्रोल आणि वीज अशा दोन शक्तींवर चालणाऱ्या ‘हायब्रिड’ मोटारींची नवलाई आता ओसरली आहे. २०२२ साली मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर ही जुळी भावंडे बाजारात आली, तेव्हा लिटरमागे २७.९७ किलोमीटर हा त्यांचा प्रमाणित आकडा ऐकून पुष्कळांचे डोळे विस्फारले. एवढी धिप्पाड एसयूव्ही आणि एवढा अल्प आहार! आज त्याच गाड्यांचे कित्येक मालक ‘आकडा खोटा’ म्हणून कपाळाला हात लावीत आहेत.

आकडा खोटा नाही. तो प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, ठरीव चालीने आणि ताशी ९० किलोमीटरची मर्यादा न ओलांडता काढलेला आहे. प्रयोगशाळेत कोणाला कचेरी गाठायची नसते आणि शेजारच्या गाडीने मागे टाकल्याचा अपमानही वाटत नसतो!

या यंत्राची खरी किमया ब्रेकमध्ये आहे. ब्रेकवर पाय हळुवार पडला की विजेची मोटार जनित्र बनते, गाडीचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत जमा होतो आणि पुढच्या सिग्नलवरून निघताना पेट्रोलचे इंजिन स्वस्थ राहू शकते. म्हणूनच, ऐकायला विपरीत वाटले तरी, ही गाडी आपला गुण दाखविते ती शहराच्या रेंगाळत्या गर्दीत. परंतु लाल दिवा समोर दिसत असता शेवटच्या क्षणापर्यंत ॲक्सिलरेटर दाबून मग करकचून ब्रेक लावणाऱ्याने काय मिळविले? तो घास बॅटरीला एकदम गिळता येत नाही; उरलेला वेग ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन जातो.

द्रुतगती मार्गावर तर बॅटरीचा आधार आणखी तोकडा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० ने धावणाऱ्याला तो सव्वादोन पट भोवतो, आणि एसयूव्हीचे कपाळ मुळातच रुंद. बोरघाट उतरताना खर्च भरून निघेल, ही आशाही व्यर्थ आहे. या गाड्यांची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची. ती भरली की पुढच्या उताराची शक्ती साठवायला जागाच उरत नाही.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. त्यामुळे उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये अशा गाड्यांचा नोंदणी कर माफ केला, त्यामागील हेतूला आम्ही नावे ठेवणार नाही. पण ही माफी यंत्राला मिळाली. ते हाकणाऱ्या पायाला कोणी काही विचारले नाही. एसटीच्या आगारात चालकागणिक डिझेलचा हिशेब मांडण्याची रीत जुनी आहे. लाखो रुपये मोजून गाडी घेणाऱ्याला मात्र असा हिशेब कोणी शिकवीत नाही, आणि गाडी पुढे-मागे नेता आली की परवाना हाती पडतो.

परिवहन खात्याने इंधन राखून गाडी चालविण्याचा धडा परवान्याच्या परीक्षेतच सक्तीचा करावा. विक्रेत्याने किल्ली देताना निदान अर्धा तास ग्राहकाच्या शेजारी बसून तो गिरवून घ्यावा. आणि महापालिकांनी एका रस्त्यावरचे सिग्नल परस्परांशी जुळवून घ्यावेत. दर शंभर पावलांवर थांबविल्या जाणाऱ्या चालकाला संयमाचे पाठ देण्याचा अधिकार त्यांना त्यानंतरच पोहोचेल. महाराष्ट्रात करमाफीची मागणी घेऊन कोणी मंत्रालयाची पायरी चढला, तर सरकारने आधी या तीन गोष्टींचे काय झाले ते विचारावे.