अर्ध्यावर सोडलेला उपचार

हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचला, त्याच्या अवरुद्ध हृदयधमनीत स्टेंट बसविला गेला आणि काही दिवसांनी तो आपल्या पायांनी घरी परतला, की उपचार संपला असे सर्वच मानतात. वस्तुतः तेथे उपचाराचा पूर्वार्ध तेवढा संपलेला असतो. दुबळ्या झालेल्या हृदयाला व स्नायूंना बेताबेताने पुन्हा श्रमाची सवय लावणे हा त्याचा उत्तरार्ध. आणि तो आपल्याकडे बहुधा सुरूच होत नाही. मग घरी आलेल्या माणसाच्या वाट्याला दोनपैकी एक टोक येते. एक तर त्याला काचेच्या भांड्यासारखे जपले जाते. जिना चढू नका, पिशवी उचलू नका, अशा सूचनांनी तो घरातल्या घरात पंगू होतो. नाही तर, 'आता नळी मोकळी झाली' या समजुतीने तो एके दिवशी एकदम धावू लागतो. दोन्ही टोके सारखीच घातक आहेत.

विश्रांती हेच हृदयविकारावरील औषध, ही समजूत एके काळी वैद्यकशास्त्रानेच रुजविली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. १९५२ साली सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तेही धाडसच वाटले होते. पुढच्याच वर्षी जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही हाच भेद दिसला. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले, तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. धडधाकट तरुणांची ही गत, तर झटक्यातून उठलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाची काय होत असेल?

तथापि 'व्यायाम करा' एवढा उपदेश पुरेसा नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसून आले, की ज्यांना श्रमाची सवय नाही त्यांनी अचानक भारी श्रम केल्यास पुढील तासाभरात झटका येण्याचा धोका शंभरपटींहून अधिक वाढतो. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो अडीचपटींच्याही आतच राहतो. तात्पर्य, घातक ठरतो तो व्यायाम नव्हे, तर सवयीवाचूनचा आकस्मिक श्रम. भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपीचे महत्त्व नेमके येथे आहे. रुग्ण सहा मिनिटांत किती अंतर चालतो, त्या वेळी त्याची नाडी व रक्तदाब कसा राहतो, हे आधी मोजले जाते. त्यावरून व्यायामाची मात्रा ठरते आणि आठवड्या-आठवड्याने ती वाढविली जाते. प्रारंभी अंग सैल करणे आणि शेवटी वेग हळूहळू उतरविणे, ही त्यातील पथ्ये होत. बायपास झालेल्याच्या छातीचे हाड सांधेपर्यंत जड वजन वर्ज्य असते. काही औषधांनी नाडीचा वेग दबलेला असल्यामुळे केवळ नाडीवर विसंबून चालत नाही. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही साधी खूण अशा वेळी उपयोगी पडते. छातीत दुखणे, घेरी येणे किंवा अकारण धाप लागणे, यांपैकी काहीही होताच थांबले पाहिजे आणि डॉक्टरांना गाठले पाहिजे.

या उपचाराला पुराव्याची वाण आहे असे नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात ८५ चाचण्यांतील २३ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. व्यायामाधिष्ठित पुनर्वसनाने हृदयविकाराचे मृत्यू, पुन्हा येणारे झटके आणि रुग्णालयातील पुनःप्रवेश कमी होतात, असा तिचा निष्कर्ष आहे. भारतातही २४ केंद्रांतील ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली व ती २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत मृत्यू वा पुन्हा येणारे झटके यांत निर्णायक घट सिद्ध झाली नाही, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु रुग्णांचे जीवनमान सुधारले आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. ज्या घरात मिळवता हात एकच आहे, तेथे या दुसऱ्या लाभाचे मोल सांगावयास नको.

मग हा उपचार सर्वत्र का होत नाही? याचे उत्तर वैद्यकात कमी आणि अर्थकारणात अधिक आहे. स्टेंट ही मोजता येणारी, विकता येणारी वस्तू आहे; म्हणूनच २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राला तिची कमाल किंमत ठरवून देता आली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास यांचा समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु आपल्या आरोग्य योजनांची आणि विम्याची रचनाच मुळी शस्त्रक्रियांभोवती झालेली आहे. पुनर्वसनाला लागतो तो एक प्रशिक्षित माणूस, मोकळी जागा, रक्तदाबमापक, एखादी स्थिर सायकल, आणीबाणीची सिद्धता आणि बारा आठवड्यांचा धीर. यात विकण्यासारखे फारसे काही नाही. त्यातून वाचणारा खर्च पुढे कुटुंबाच्या आणि शासनाच्या हिशेबात जमा होतो, रुग्णालयाच्या नव्हे. धरण बांधावे आणि पाटचाऱ्या खणूच नयेत, असा हा प्रकार आहे. पाणी अडविल्याचे समाधान मिळते, शेत मात्र कोरडेच राहते.

याची सर्वाधिक झळ बसते ती दुबळ्यांना. शहरातील सुखवस्तू रुग्ण पैसे मोजून मार्गदर्शन मिळवील. हमालाला पुन्हा ओझे केव्हा उचलावे, हे सांगणारे कोणी नसते. रोजंदारी बुडते म्हणून तो लवकर कामावर जातो किंवा भीतीपोटी काम कायमचे सोडतो. स्त्रियांची उपेक्षा तर याहून मोठी. पुरुषाला सक्तीची विश्रांती मिळते. गृहिणी मात्र घरी येताच हंडा-कळशी आणि धुणीभांडी यांना जुंपली जाते, आणि या श्रमांनाच व्यायाम समजण्यात येते.

मनुष्यबळ नाही, ही सबब पूर्णतः खरी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण १९५३ सालीच सुरू झाले आणि आज राज्यात ते देणारी अनेक महाविद्यालये आहेत. शासकीय योजनेत धमनी उघडण्याच्या खर्चाबरोबरच बारा आठवड्यांच्या पुनर्वसनाची रक्कम राखून ठेवावी आणि ती कार्यक्रम पूर्ण झाल्यावरच रुग्णालयाला द्यावी. जिल्हा रुग्णालयांतून आठवड्यातील ठरावीक दिवस यासाठी राखावेत. दूरच्या रुग्णाला पहिली तपासणी केंद्रात आणि पुढील व्यायाम घरी, दूरध्वनीवरील देखरेखीखाली करता येईल. शाळा व कार्यालये यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना त्या काळापुरती वेळेची सवलत द्यावी. यांपैकी एकही गोष्ट खर्चाच्या आवाक्याबाहेरची नाही.

झटक्यातून माणूस वाचविण्यासाठी समाज आज मोठा खर्च करतो, आणि तो केलाच पाहिजे. परंतु वाचलेल्या माणसाला उभे करण्याचा अल्प खर्च टाळणे म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी गत करून घेणे होय. ही काटकसर नव्हे. झालेल्या खर्चाचीच ती नासाडी आहे.