पवईतले पहिले सत्र

जुलै सरत आला की पवईच्या आयआयटीत नवी तुकडी दाखल होते. गाद्या-बादल्या घेऊन आईवडील वसतिगृहाच्या दारापर्यंत येतात. गावातले अभिनंदनाचे फलक अजून उतरलेले नसतात. या मुलांचे कौतुक आम्हालाही आहेच. पण आज बोलायला हवे ते त्यांच्या पुढच्या चार महिन्यांबद्दल.

बारावीपर्यंत ज्याने दुसरा क्रमांक पाहिला नाही, तो पहिल्या क्विझमध्ये वीसपैकी पाच गुण घेऊन खोलीवर येतो. शेजारच्याला सोळा पडलेले असतात. घरी फोनवर ‘बरा गेला पेपर’ एवढेच सांगितले जाते. त्याची बुद्धी रातोरात आटलेली नसते. इथे बऱ्याच विषयांत श्रेणी वर्गाच्या तुलनेत ठरते आणि वर्ग असतो देशभरातून निवडलेल्या मुलांचा. त्यातला निम्मा वर्ग मध्याच्या खाली असणारच.

लातूर असो की कोटा, क्लासने दोन वर्षे दिवसाचा तास न् तास आखून दिलेला असतो. इथे ट्युटोरियलचा कागद हाती पडतो आणि तो कधी, कुणाबरोबर सोडवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलीच्या मनात शंका मराठीत येते. ती इंग्रजीत जुळवेपर्यंत फळा पुसलेला असतो. तिने ट्युटोरियलला टीएसमोर, म्हणजे अध्यापन-सहायकासमोर, वही ठेवावी आणि जमेल त्या भाषेत विचारावे. त्यात कमीपणा कसला?

कमीपणा वाटतो तो दुसऱ्याच प्रश्नाने. ओळख होते न होते तोच ‘रँक किती?’ असे विचारले जाते आणि पुष्कळदा त्याआडून जात चाचपली जाते. एकमेकांची जेईई रँक विचारू नका, अशी सूचना या संस्थेला २०२३ मध्ये काढावी लागली, यावरून हे दुखणे किती खोल आहे ते कळावे.

वरच्या वर्गातले मार्गदर्शक, सल्लागार प्राध्यापक, समुपदेशक ही सगळी व्यवस्था तिथे आहे. पण खचलेला मुलगा खोलीचे दार लावून घेतो, मेसमध्ये जायचेही टाळतो. तो समुपदेशकाची वेळ मागायला कुठून जाणार? म्हणून सत्राच्या मध्यावरच्या मिडसेम परीक्षेचे गुण लागले की मागे पडलेल्या प्रत्येकाकडे संस्थेने आपण होऊन जावे. आणि दिवाळीला तो घरी आला की काका-मामांनी गुणांची चौकशी करू नये, त्याला दोन दिवस पोटभर झोपू द्यावे.