दोन भाषा येतात, एवढ्यानें भागत नाहीं

स्पॅनिशमधील मानसशास्त्राचा ग्रंथ जर्मनमध्यें आणावयाचा झाला, कीं प्रकाशक बहुधा काय करतो? दोन्ही भाषा जाणणारा कोणी गांठतो, शब्दागणिक दर ठरवितो आणि निश्चिंत होतो. हल्लीं तर यंत्राकडून मसुदा करवून तो कोणाकडून तरी 'तपासून' घेण्याचीहि चाल पडली आहे. शोधाची ही रीतच मुळांत चुकीची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

साधा शब्द घ्या. स्पॅनिशमध्यें 'सुएन्यो' म्हणजे झोप, आणि स्वप्नहि 'सुएन्यो'च. जर्मनमध्यें मात्र मराठीप्रमाणेंच दोहोंना 'श्लाफ' आणि 'ट्राउम' असे वेगळे शब्द आहेत. येथें संदर्भ तरी साह्य करतो. परंतु 'इन्स्टिंटो'चें काय? लोपेझ-बायेस्तेरोस यांनीं केलेलीं फ्रॉइडच्या ग्रंथांचीं स्पॅनिश भाषांतरें १९२२ पासून माद्रिदहून निघूं लागलीं. त्यांत 'ट्रीब' या जर्मन शब्दासाठीं 'इन्स्टिंटो' योजलेला आहे. पुढें ब्वेनोस आइरेसच्या आवृत्तींत एत्चेवेरी यांनीं त्याच जागीं 'पुल्सिओन' घातला; कारण प्राण्यांची जन्मजात, ठरीव वृत्ति आणि फ्रॉइडचा 'ट्रीब' या एक गोष्टी नव्हेत. मग एखाद्या जुन्या स्पॅनिश निबंधांतील 'इन्स्टिंटो' जर्मनमध्यें नेतांना 'ट्रीब' लिहावें कीं 'इन्स्टिंक्ट'? याचा निर्णय कोश देणार नाहीं. लेखकानें कोणतें भाषांतर वाचलें होतें, तो कोणत्या परंपरेंत वाढला, हें ज्यास ठाऊक आहे तोच तो देऊं शकेल.

'लेसिंग कोठें मानसशास्त्रज्ञ होता?' असा आक्षेप कोणी घेईल. वैद्य हुआर्ते याचा मनुष्यांच्या बुद्धिभेदांवरील १५७५ चा स्पॅनिश ग्रंथ त्यानें १७५२ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, जर्मनमध्यें आणला, हें खरें. परंतु लेसिंग वैद्यकाचाहि विद्यार्थी होता, आणि ग्रंथनामांतील 'इंखेनियो'साठीं 'डोकीं' हा रोखठोक जर्मन शब्द योजण्याइतका तो विषयाशीं समरस झाला होता. हें उदाहरण आमच्याच पक्षाचें आहे.

तेव्हां दर मागाहून ठरवावा. आधीं उमेदवारास ग्रंथांतील एक अवघड पान द्यावें आणि तो कोणत्या शंका विचारतो तें पाहावें. एकहि शंका न काढतां जो पान परत करील, त्यास नमस्कार करून निरोप द्यावा. चुकलेल्या शब्दाचा दंड प्रकाशक भरीत नाहीं. तो विद्यार्थी भरतो, चिकित्सक भरतो, आणि शेवटीं ज्याचें मन आधींच पीडलेलें आहे तो रोगी भरतो.