बोरिवलीतला ‘हमिंगबर्ड’ नेमका कोण?

बोरिवली, मुलुंडच्या झाडीत फुलापुढे अधांतरी तरंगणारा हिरवट जीव दिसला की ‘हमिंगबर्ड दिसला’ असा संदेश मोबाइलवर फिरतो. पण हमिंगबर्ड भारतात नाहीच. तो फक्त अमेरिका खंडांत आढळतो. इथला हा पाहुणा बहुधा ‘सिफोनोडिस हायलास’ असतो, भर उन्हात उडणारा पतंग.

ओळखायचा कसा? पंख पाहा. ते काचेसारखे आरपार दिसतात. कोशातून बाहेर येताना त्यांवर खवले असतात, पण पहिल्या उड्डाणातच ते झडतात. अंग हिरवट, पोटावर तांबूस पट्टा, शेवटाला काळा झुबका. शिंजीर मध पिताना बहुधा फांदीवर टेकतो. हा हवेतूनच लांब सोंड फुलात घालतो. फोटो हवा असेल तर पाठलाग नको. घाणेरीच्या फुलांपाशी शांत उभे राहावे.

खरी अडचण अळीची आहे. ती अनंताची पाने खाते. मागच्या टोकाला शिंग असलेली ही अळी दिसताच सोसायटीत फवारणीचा पंप बाहेर निघतो. ते शिंग डसत नाही आणि कुरतडलेल्या अनंताला पुन्हा पालवी फुटते. अळी पुढे पालापाचोळ्यात किंवा मातीत कोश करते आणि नेमका तोच पाचोळा झाडून पेटवला जातो. राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेल्या सोसायट्यांनी तरी अनंताच्या बुंध्याशी तो पडू द्यावा. उघड्यावर कचरा जाळायला मुंबईत तशीही बंदीच आहे.