शीड बदललं, मुलगी नाही

मैत्रिणींनो, २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत वर्षा गौतम आणि मुंबईच्या श्वेता शेर्वेगार यांनी ‘फोर्टीनाइनर एफएक्स’ या शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवलं, आठवतंय? सांगाडा पुरुषांच्याच होडीचा, जेमतेम पाच मीटरचा. फक्त डोलकाठी आखूड, शिडं लहान. वारा भरला की दोघीही तारेला लटकून कडेबाहेर झुकतात नि होडी पाण्यावरून घसरत सुटते. बायकांचं वजन कमी म्हणून त्यांना घरी बसवलं नाही, शीड बदललं, हे मला फार पटलं. २०१६च्या रिओपासून ऑलिंपिकमध्येही ही शर्यत आहे. आणि आमच्या पनवेलला खाडी उशाशी, तरी ‘मुलीच्या जातीला पोहणं कशाला?’ हे बचतगटात अजून ऐकते. मुलगे मात्र खुशाल जातात बरं का! आठ मुलींची नावं मी लिहून घेतलीत. शिकवायला बाई असेल तर आणखी दोघींच्या आया तयार आहेत.