अनुभव कुठून आणायचा?

जून उजाडला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत चौकटीतल्या छोट्या जाहिराती दिसू लागतात. ‘मतिमंद निवासी विद्यालयासाठी विशेष शिक्षक पाहिजे. पात्रता : बी.एड. विशेष शिक्षण, आरसीआय नोंदणी आवश्यक. अनुभवी उमेदवारास प्राधान्य. मूळ कागदपत्रांसह समक्ष भेटावे.’ खाली संस्थेचा पत्ता आणि मुलाखतीची वेळ. पगाराचा आकडा नसतो, पद अनुदानित आहे की विनाअनुदानित याचाही पत्ता नसतो. (‘मतिमंद’ हा शब्द दिव्यांगांच्या मुख्य कायद्यातून गेला, शाळांच्या पाट्यांवरून अजून हललेला नाही.) नुकतीच पदवी हातात पडलेली मुलगी पहाटेची एसटी पकडून तालुक्याच्या गावी पोहोचते. व्हरांड्यात तिच्याआधी पंधरा-वीस जण फायली घेऊन बसलेले असतात. आत गेल्यावर पहिला प्रश्न अनुभवाचा. नाही म्हटले की दुसरे वाक्यही ठरलेले : ‘वर्षभर येत राहा, पुढे पद मंजूर झालं की बघू.’ म्हणजे वर्षभर फुकट. काही ठिकाणी यापुढचा व्यवहारही बोलला जातो, तो दार लावून. त्याचे आकडे कोणत्याही कागदावर नसतात आणि त्या तालुक्यात ते सगळ्यांना पाठ असतात.

ही मुलगी कोण आहे, तेही पाहू. सर्वसाधारण बी.एड. झालेल्या उमेदवाराला राज्याच्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागत नाही. हिला लागते. भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) 1992 चा कायदा सांगतो की, परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने दिव्यांगांच्या पुनर्वसनाचे व्यावसायिक काम केले तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विशेष शिक्षक या कायद्याच्या कक्षेत येतो. म्हणून ती दोन वर्षे शिकते, सराव पाठ देते, शुल्क भरून नोंदणी क्रमांक मिळवते आणि पुढे नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे गुणही जमवत राहते. वैद्यकीय व्यवसायासारखी शिस्त तिला लावली आहे. ती शिस्त सांभाळून बाहेर पडल्यावर उभे कुठे राहायचे, याची व्यवस्था मात्र कोणी केलेली नाही.

तिला येते काय, हेही मुलाखतीच्या टेबलाला ठाऊक नसते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला शर्टाची बटणे लावायला शिकवायची असतील तर विशेष शिक्षिका वरची चार बटणे स्वतः लावते. पाचवे निम्मे काजात सरकवते, मुलाचे बोट तिथे नेते आणि उरलेले ओढण्यापुरते काम त्याच्यावर सोडते. ते जमले की शेवटचे बटण पूर्ण त्याचे. मग शेवटची दोन. असे खालून वर जायचे, कारण मग प्रत्येक वेळी काम संपवणारा हात मुलाचाच असतो, आणि ‘झालं!’ म्हणण्याचा आनंदही त्याचाच. पाच बटणांना कधी पूर्ण सत्र जाते. दात घासणे, पैसे मोजणे, एकट्याने दुकानापर्यंत जाऊन येणे, प्रत्येक गोष्टीचे असेच तुकडे पाडावे लागतात आणि कोणता तुकडा कोणत्या तारखेला जमला याची नोंद ठेवावी लागते. दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिक पाठात यातले काय दिसणार? तिथे फळ्यावर रंगीत तक्ते लावणारा आणि खणखणीत आवाजात बोलणारा उमेदवार उजवा ठरतो. घंटेचा आवाज सहन न होणारे मूल घंटा होण्याआधी दोन मिनिटे वर्गाबाहेर नेणारा शिक्षक कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि हे सगळे अशा राज्यात, जिथे या कामाची परंपरा जुनी आहे. देशातली पहिली कर्णबधिरांची शाळा 1885 साली मुंबईतच निघाली. दादरची अंधशाळा 1900 सालची. अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था 1983 पासून वांद्र्यात आहे. शिकवायला संस्था आहेत, शिकणारे आहेत. शिकणाऱ्यांमध्ये बहुसंख्य मुली आहेत आणि त्यातल्या कितीजणींच्या घरी एखादा भाऊ किंवा पुतण्या दिव्यांग आहे, म्हणून त्या या वाटेला आल्या आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या 29 लाख 63 हजारांहून अधिक नोंदली गेली होती. तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते 21 केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. गरज वाढली आहे, याबद्दल मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत कोणाचे दुमत नाही.

मग अडते कुठे? सरळ उत्तर असे की, गरज मान्य आहे, पद मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे प्रकरणात 28 ऑक्टोबर 2021 रोजी निकाल दिला. विशेष शिक्षणाची पात्रता घेतलेले शिक्षकच तिथे दाद मागायला गेले होते. प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक आणि वरच्या स्तरावर पंधरांमागे एक, हे प्रमाण न्यायालयाने धरले. केंद्र सरकारने 10 जून 2022 रोजी त्याची अधिसूचना काढली. त्यानंतरही अनेक राज्यांनी मंजूर पदांचे आकडे पुढे केले नाहीत, म्हणून मार्च 2025 मध्ये न्यायालयाला पुन्हा बोलावे लागले आणि पदे अधिसूचित करायला 28 मार्च 2025 ही मुदत घालावी लागली. किती शिक्षक हवेत हे मोजून सांगा, एवढ्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तारीख घालावी लागते, यावरून प्रशासनाची घाई कळते.

महाराष्ट्राने त्याआधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, एक पाऊल टाकले होते, ते नोंदवलेच पाहिजे. प्रत्येक केंद्रासाठी (परिसरातील शाळांच्या गटासाठी) एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची 4,860 पदे निर्माण करण्याचा निर्णय झाला आणि समग्र शिक्षा योजनेत वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्यांना त्यांत सामावून घेण्याचे ठरले. ज्यांनी सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून सहा महिन्यांच्या आदेशावर आणि ‘तांत्रिक खंडा’च्या टांगत्या तलवारीखाली नोकरी केली, पावसाळ्यात दुचाकीवरून वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, त्यांचा हक्क पहिला होता. त्याबद्दल वाद नाही.

पण हिशेब मांडून पाहावा. राज्यात सर्व प्रकारच्या मिळून लाखाहून अधिक शाळा आहेत. 4,860 ने भागले तर एका शिक्षकाच्या वाट्याला वीसहून जास्त शाळा येतात. दिवसाला एक शाळा म्हटले तरी पहिल्या शाळेची पुन्हा पाळी यायला जवळपास महिना जाईल. न्यायालयाचे प्रमाण मुलांमागे होते, आपण ते केंद्रामागे लावले. कर्णबधिर मुलांसाठी शिकलेल्या शिक्षिकेला एखाद्या शाळेत अंध विद्यार्थी भेटतो. ब्रेल पाटीवर टोचे उजवीकडून डावीकडे मारायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे, हे मूलभूत कसब तिने पूर्वी कधी हाताळलेले असेलच असे नाही. पुढच्या वस्तीवर अंथरुणाला खिळलेले मूल असते, ज्याचे गृहाधारित शिक्षण तिच्याच नावावर लिहिलेले आहे. एवढ्याने तिचा महिना भरतो आणि मग अहवाल भरायचे दिवस येतात.

नव्याने पदवी घेणाऱ्यासाठी यात दार आहे का, हा आमचा प्रश्न आहे. जुन्यांच्या समायोजनानंतर उरणारी पदे केव्हा भरणार, कोणत्या जिल्ह्यात किती, कोणत्या प्रवर्गाची, हे उमेदवाराला कळण्याची जागा नाही. सर्वसाधारण शिक्षकांच्या भरतीवरही कमी टीका झालेली नाही. अभियोग्यता चाचणी 2017 नंतर थेट 2023 मध्ये झाली आणि भरतीच्या ऑनलाइन ‘पवित्र’ पोर्टलची चेष्टा शिक्षकांच्या कट्ट्यावर आजही होते. तरी तिथे एक गुण आहे, एक यादी आहे, आपण कितव्या क्रमांकावर आहोत हे कळते. विशेष शाळांतल्या उमेदवाराला तेवढेही नाही. त्या शाळा शालेय शिक्षण विभागाच्या नाहीत. पूर्वी त्या सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाल्यावर तिकडे गेल्या. भरती करणार संस्था, आरक्षणाची बिंदुनामावली तपासणार एक कार्यालय, वैयक्तिक मान्यता देणार दुसरे. मान्यतेची फाईल जिल्हा आणि पुण्याचे आयुक्तालय यांच्यात फिरत असताना शिक्षक वर्गावर उभा असतो आणि पगार शून्य असतो. दोन विभागांच्या मधल्या बोळात ही माणसे अडकली आहेत. एकाच्या दाराशी गेले तर तो म्हणतो, ही त्या विभागाची.

शहरात वाट वेगळी, पण सुखाची नाही. मुंबई-पुण्याच्या खासगी शाळांत ‘शॅडो टीचर’ म्हणून, म्हणजे वर्गात एकाच मुलासोबत बसणारी शिक्षिका म्हणून, पहिली नोकरी मिळते. पगार शाळा देत नाही, त्या एका मुलाचे पालक देतात. मुलाने शाळा बदलली की नोकरी संपली. सीबीएसईने संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे काही जागा निघाल्या हे खरे. पण अनेक ठिकाणी हीच शिक्षिका समुपदेशक, बदली शिक्षिका आणि स्नेहसंमेलनाची समन्वयक असते. उपचार केंद्रांत तासावर काम मिळते. तिथला अनुभव विशेष शाळेत मुलाखतीला गेल्यावर धरला जाईलच याची खात्री नाही. पदवीधरांपैकी अनेकजणी दोन-तीन वर्षांत हे क्षेत्र सोडतात. कोणी साधे बी.एड. करून पवित्रच्या रांगेत उभी राहते, कोणी बँकेच्या परीक्षा देते. आणि आपण पुन्हा म्हणतो, विशेष शिक्षक मिळत नाहीत!

दोष सगळा सरकारचा नाही. काही महाविद्यालयांत सराव पाठ कागदावरच होतात. आठ मुलांच्या विशेष वर्गात सराव केलेल्या विद्यार्थिनीला पन्नास पटाच्या जिल्हा परिषद शाळेत एक मूल सांभाळायचा अनुभव कोणी देत नाही, आणि उद्या नोकरी नेमकी तिथेच असते. पुनर्वास परिषदेने याकडे पाहायला हवे. त्यावर उपायही फार दूरचा नाही. डॉक्टरांना आंतरवासिता असते. विशेष शिक्षकाला पदवीनंतर एक वर्ष गटसाधन केंद्रात, अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली, ठरलेल्या विद्यावेतनावर काम करू द्यावे आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र दोन्ही विभागांनी अनुभव म्हणून मान्य करावे. मग संस्थाचालकाला ‘वर्षभर फुकट या’ म्हणायला जागा उरणार नाही. अनुदानित विशेष शाळांची भरतीही एका सामायिक परीक्षेने आणि जाहीर गुणवत्ता यादीने करावी. संस्थांची स्वायत्तता धोक्यात येईल अशी ओरड होईल. अनुदान सरकारी तिजोरीतून येते, तेव्हा निवडीची यादीही लोकांना दिसली पाहिजे.

यातले काही करायला वेळ लागेल, काहीला पैसा लागेल. एका गोष्टीला दोन्ही लागत नाही. 4,860 पैकी आज किती पदे रिकामी आहेत, ती कोणत्या जिल्ह्यात आहेत, आणि अनुदानित विशेष शाळांत किती जागांना मान्यता आहे, ही यादी शालेय शिक्षण आणि दिव्यांग कल्याण या दोन्ही विभागांनी मिळून जाहीर करावी. पुढच्या जूनच्या आत ती संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत यावी.