कडी-कोयंडा शाबूत, दागिने गायब

वीस-एक वर्षं झाली, मी घरफोडीच्या बातम्या लिहितोय. त्यातलं एक वाक्य तर झोपेतून उठवलं तरी लिहून देईन. "बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी सोन्याचे दागिने व रोख रकमेसह ऐवज लंपास केला." परवा पोलीस ठाण्यात नेहमीप्रमाणे माहिती घ्यायला गेलो, तर हे वाक्य वापरताच येईना. कडी जागेवर, कोयंडा जागेवर, कुलूपही जागेवर. चोरानं चावीनं कुलूप उघडलं, कपाट रिकामं केलं, जाताना कुलूप परत लावलं आणि चावी होती तिथंच ठेवली. तुळशी वृंदावनात दिवा ठेवायच्या कोनाड्यात.

घरचे लग्नाला गेले होते, चार दिवसांनी आले. कुलूप उघडून आत आले, चहा केला, झोपले. दागिने गेल्याचं दुसऱ्या दिवशी कपाट उघडल्यावर समजलं. म्हणजे चोरी कुठल्या दिवशी झाली हेसुद्धा सांगता येईना.

मंडळी, आता खरं सांगा. तुमची जादाची चावी कुठं आहे?

मीच सांगतो. पायपुसण्याखाली. चपलांच्या रॅकवरच्या जुन्या बुटात. लाईटच्या मीटरच्या पेटीवर. दाराच्या चौकटीवर, जिथं हात पोचतो तिथं. कोरफडीच्या कुंडीखाली. खिडकीतून हात घातला की लागतो त्या खिळ्याला. पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली. मी काही मोठा शोध लावलेला नाही, आमच्या घरची चावी माझ्या लहानपणापासून मीटरच्या पेटीवर असायची. वडील गेले तरी तिथंच होती. गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून मीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला मात्र वाटायचं की आपण लपवून ठेवलीय!

चावी लपवणाऱ्याचं डोकं आणि चोराचं डोकं सारखंच चालतं. तुम्हाला जी जागा पाच सेकंदांत सुचली, ती त्यालाही पाच सेकंदांतच सुचते. शिवाय आपण बाहेरून आलो की भर गल्लीत वाकून, कुंडी सरकवून चावी काढतो. बघणारा बघत असतो.

"मग बाहेर ठेवूच नका" असं सांगून पोस्ट संपवता आली असती. पण तसं नाही, कारण दुसरी बाजूही मी डोळ्यांनी बघितलीय.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना काकूच म्हणतात. मुलगा पुण्यात, नोकरी आयटीत. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी काकू न्हाणीघरात घसरून पडल्या. मोबाईल स्वयंपाकघरात वाजतोय, उचलणारं कुणी नाही. मुलानं दहा-बारा फोन केले, मग घाबरून मला लावला. आम्ही तिघं-चौघं गेलो. आतून आवाज येतोय, दार बंद. चावी कुणाकडेच नाही. सुतार शोधून लॅच तोडेपर्यंत दोन तास गेले. खुब्याचं हाड मोडलेलं, आणि काकू दोन तास ओल्या फरशीवर.

खरी गोष्ट पुढं आहे. काकूंची एक चावी कैक वर्षं शेजारच्या घरी असायची. मग सांडपाण्याच्या पाइपवरून दोन घरांत बोलाचाली झाली आणि शेजारणीनं चावी आणून परत दिली. "उद्या काही इकडंतिकडं झालं तर आमच्यावर नको," असं म्हणाली. त्या दिवशी दार तोडायला पहार घेऊन आला तो तिचाच मुलगा.

"आमच्यावर नको". सगळी गोम इथं आहे. चावी घ्यायला लोक घाबरतात ते चोराला नाही, आपल्याला घाबरतात. काही गेलं की पहिलं नाव कुणाचं निघणार हे त्यांना माहीत असतं. वर सांगितलेल्या चोरीत पहिली चौकशी कुणाची झाली असेल? धुणीभांडी करणाऱ्या ताईंची. तिच्याकडं चावी नव्हती, पण ती कुठं असते हे माहीत होतं, एवढंच कारण. अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला, दोन घरांचं काम सुटलं. चावी कोनाड्यात ठेवली कुणी, आणि बाकावर बसली कोण, बघा. उघड्यावर ठेवलेली चावी म्हणजे ती जागा माहीत असलेल्या प्रत्येकाला आपण न विचारता संशयित करून ठेवतो.

एक गैरसमजही दूर करतो. त्या घरमालकांना कुणीतरी सांगितलं होतं की कुलूप तुटलं नाही म्हणजे घरफोडीची केस होत नाही, साधी चोरी होते. चूक. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 445 मध्ये घरफोडीची व्याख्या होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 330 मध्ये आहे. गुन्हा करायला कुलूप उघडून घरात शिरणं, हीसुद्धा घरफोडीच. कायद्यात उदाहरणच दिलंय : एखाद्याची हरवलेली चावी दुसऱ्याला सापडली आणि त्यानं तिनं दार उघडून घरात अतिक्रमण केलं, तर ती घरफोडी. तेव्हा फिर्याद देताना गप्प बसू नका.

पण विम्याचा हिशेब वेगळा आहे, आणि तिथं माणूस मार खातो. घरफोडीच्या विमा पॉलिसीत बहुतेक वेळा अट असते की आत शिरताना किंवा बाहेर पडताना बळाचा वापर झालेला पाहिजे, म्हणजे तोडफोडीची खूण पाहिजे. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानं युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात स्पष्ट केलंय की अशा वेळी फौजदारी कायद्यातली व्याख्या चालणार नाही, पॉलिसीत जे लिहिलंय तेच धरायचं. तिथं बळाचा वापर झालेला नव्हता, म्हणून विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी आली नाही. म्हणजे कोनाड्यातल्या चावीनं चोर आत आला तर पोलिसांच्या कागदावर ती घरफोडी, आणि विम्याच्या कागदावर कदाचित काहीच नाही. घरी पॉलिसी असेल तर आज काढून तेवढी अट वाचा. बारीक अक्षरात असते.

माझं म्हणणं साधं आहे. चावी जागेकडं नको, माणसाकडं पाहिजे. आणि तो माणूस अगदी शेजारचाच हवा असं नाही. दोन गल्ल्या पलीकडचा मित्र, बाजारपेठेतला ओळखीचा दुकानदार, बहीण, कुणीही. दहा मिनिटांत पोचेल असा मात्र हवा. पुण्यात मुलाच्या ड्रॉवरमध्ये असलेली चावी काकूंना काय कामाची?

देताना सरळ बोला. "काही गेलं तरी तुझं नाव येणार नाही, हे मी घरात सांगितलंय," एवढं एक वाक्य बायको-मुलांसमोर म्हणा. आणि हे वाक्य खरं व्हायचं असेल तर सोनं घरात ठेवू नका, बँकेत लॉकर आहे. चावीला घराचा नंबर, आडनाव लिहिलेला बिल्ला लावू नका, लाल दोरा बांधा, पुरे. भांडण झालं तर चावी परत मागण्याआधी, किंवा परत देण्याआधी, दुसरा माणूस ठरवा. भाडेकरू बदलला की कुलूप बदला. चावीवाला दहा मिनिटांत दुसरी चावी करून देतो, जुन्या भाडेकरूकडं किती आहेत हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणखी एक, हे काकूंच्या प्रकरणात शिकलो. त्या दिवशी शेजारी चावी असती तरी उपयोग झाला असता का? काकू रात्री लॅच लावून वर आतली कडीही लावायच्या. सकाळी दूध घेतलं म्हणून ती निघालेली होती, नशीब. आतून कडी असेल तर बाहेरची चावी म्हणजे नुसतं लोखंड. काही लॅचना आतून चावी लावून ठेवली तरी बाहेरची चावी फिरत नाही. घरात वयस्कर माणूस एकटं असेल तर लॅच चांगलं बसवा आणि कडी लावायची सवय सोडवा. आईला हे पटवायला मला तीन आठवडे लागले. अजून पूर्ण पटलेलं नाही.

ज्यांना माणूसच नाही त्यांच्यासाठी आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी मिळते, आत चावी राहते. ठेवा, पण भिंतीत स्क्रूनं पक्की बसवा, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी. स्वस्तातली हातोडीच्या दोन घावांत उघडते. नंबर 1234 नको, जन्मसालही नको. आणि ज्यांनी बोटाच्या ठशाचं डिजिटल कुलूप बसवलंय त्यांनी जरा आठवा, त्याच्यासोबत आलेली साधी चावी कुठं आहे? माझ्या एका मित्राची घरातच, कपाटात होती. बॅटरी संपली तेव्हा तो बाहेर, चावी आत.

नव्या फ्लॅटची चावी हातात धरून फोटो टाकायची जी पद्धत निघालीय, तीही जरा आवरा. चावीचे दाते स्पष्ट दिसले तर फोटोवरून तशीच चावी बनवता येते. आणि "चाललो कोकणात, चार दिवस" हे स्टेटस परत आल्यावर टाकलं तरी लाईक तेवढेच येतात.

आता कुणीतरी शनिशिंगणापूर काढणारच. तिथं घरांना दारं नाहीत, 2011 मध्ये बँकेनं बिनकुलपाची शाखासुद्धा काढली, वगैरे. बरोबर. पण 2015 मध्ये तिथं पोलीस ठाणंही सुरू झालं, तेही जोडीला लिहा.

काकू आता काठी घेऊन चालतात. त्यांची एक चावी माझ्याकडं आहे, एक त्याच शेजारणीकडं. परत ठेवून घे म्हणून सांगायला काकू स्वतः गेल्या, काठी टेकत. पाइपचं भांडण मिटलेलं नाही, ते नगरपालिकेत आहे. आमची मीटरवरची चावी मी काढली. त्या जागी धुळीत चावीचा आकार अजून दिसतो, पुसायचा राहिलाय.

मत जरूर लिहा, पटलं नसेल तर तेही लिहा. फक्त आपली चावी कुठं ठेवता ते कमेंटमध्ये लिहू नका.